बेचाळीस खड्ड्यांचं गोदाम

"अठरा बोला था मैं, अठरा! ये उन्नीसवाँ किसने खोदा? किसके लिए खोदा? इसमें से क्या तेल निकालना है?"

आमचे मोठे सार खड्ड्याच्या काठावर उभे राहून ओरडत होते. सार म्हणजे कंपनीचे प्रकल्प व्यवस्थापक, हैदराबादचे. त्यांचा आवाज असा की ते जैनथ रोडला बोलले तर इचोड्याच्या ढाब्यावर तव्यातली रोटी करपावी. मोजायचं तेलुगूत, रागवायचं हिंदीत आणि घसा बसला की पाणी खुणेनं मागायचं, अशी त्यांनी भाषांची वाटणी करून टाकली होती. ओकटी, रेंडु, मूडु करत त्यांनी साइटवरचे खड्डे तीनदा मोजले आणि तिन्ही वेळा एक जास्तच निघाला.

खड्ड्याच्या पलीकडे मेस्त्री उभे होते. मेस्त्री म्हणजे टोळीचे म्होरके. वय साठीच्या आसपास, अंग पहारीसारखं सरळ. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी हातात घेतला होता. ते शांतपणे म्हणाले, "फक्की दिसली तं आमी खंदतो, सार."

सारांना मराठी येत नव्हती, म्हणून मी ते हिंदीत सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती फक्की मी टाकली होती.

बांधकामावर जमिनीवर चुन्याच्या पुडीनं रेषा मारतात, तिला फक्की म्हणतात. फक्की म्हणजे हुकूम. जिथे फक्की तिथे खोदायचं, का आणि कशाला हे विचारायचं नसतं. आता हा खड्डा पाहा. साइटवरचे बाकीचे सगळे खड्डे चौकोनी, आणि हा गोल. जेसीबीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा गोल खड्डा खणला होता आणि टोळीतल्या बायकांनी वरून पावड्यानं, खुरप्यानं त्याच्या कडा अशा तासल्या होत्या की निर्मळच्या कारागिरानं लाकडी वाटी घडवावी. काहीतरी खास असणार, मॅडमनं स्वतःच्या हातानं फक्की टाकली आहे, असं त्यांना वाटलं. मॅडम म्हणजे मी, साइट इंजिनिअर.

झालं होतं ते असं. कंपनीनं आम्हा आठ-दहा जणांना हैदराबादला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. जपानच्या मोटार कारखान्यात काम कसं चालतं आणि तीच रीत पाया बांधताना कशी वापरायची, हे तिथे शिकवलं. हॉल इतका थंड होता की दुसऱ्या दिवशी माझ्या वेणीला दहिवर लागलं होतं. जपानी शब्द सगळे विसरले, पण मतलब लक्षात राहिला: गरजेच्या आधी काही करून ठेवू नका, हातातलं काम अडू देऊ नका, आणि अडलंच तर कशामुळे अडलं ते लिहा. शेवटी शिकवणाऱ्यानं सांगितलं, साइटवर जमिनीवर एक रिंगण काढा, त्यात दिवसभर उभे राहा, बोलू नका, नुसतं बघा. काम कुठे वाया जातं ते आपोआप दिसेल.

न बोलता दिवसभर उभं राहायचं! मी लहानपणी तापात असतानाही बोलत होते. आमची आई सांगायची, जन्मल्यावर ही रडली नाही, हिनं सुईणीला नाव विचारलं. तरी मी आले, फक्कीनं छानसं रिंगण काढलं आणि वही घेऊन सकाळी सातला त्यात उभी राहिले. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन अजून सोसवत होतं. दुपारपर्यंत टिकले. वहीत लिहिलं: दहा वाजता टोळी बसलेली. साडेदहाला बसलेली. अकराला मिक्सर बंद, टोळी बसलेली. त्या पानाचा फोटो काढून सारांना पाठवला. खाली माझं ज्ञान जोडलं की टोळीचा निम्मा वेळ बसण्यात जातो. मग नकाशाच्या प्रती आणायच्या होत्या म्हणून मी आदिलाबादला गेले. परत आले ती दुसऱ्या दिवशी, आणि माझ्या रिंगणाचा एव्हाना खड्डा झाला होता.

तोच हा खड्डा, आणि तेच ते पान. सारांनी खिशातून मोबाइल काढला, माझ्या वहीचा फोटो मेस्त्रींच्या नाकासमोर धरला आणि निकाल सुनावला. चार आठवड्यांनी क्रेन येणार, पोलादी खांब उभे राहणार. त्याच्या आत बेचाळीसच्या बेचाळीस पाये भरून तयार पाहिजेत. सहा झालेत, छत्तीस बाकी. नाही झाले तर बाहेरची टोळी तयार आहे, ती येऊन उरलेलं करेल, आणि शेजारचं दुसरं गोदामही तीच करेल. एवढं बोलून सार गाडीत बसले.

दुसऱ्या गोदामाचं सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यात होता. आमची टोळी चौदा जणांची, पैनगंगेच्या काठच्या एकाच गावातली. मेस्त्री, त्यांची सून, भाचे, भावकीतल्या बायका. आधीची कित्येक वर्षं ही माणसं दिवाळी झाली की लांबच्या कामांवर जात. सहा-सहा महिने ताडपत्रीखाली राहत, पोरं कोणाकोणाच्या घरी ठेवत. कापसाचं हे गोदाम त्यांच्या गावापासून ऑटोनं पाऊण तासावर निघालं आणि सकाळी निघून संध्याकाळी आपल्या चुलीवर भाकरी टाकता येईल असं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं. दुसरं गोदाम मिळालं की आणखी वर्षभराची सोय. टोळी गेली तर पुन्हा ताडपत्री. हे मला मेस्त्रींच्या सुनेनं आल्या-आल्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी तेव्हाच का बोलले नाही? बोलणार होते. पण सार दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हते, आणि एकदा वेळ टळली की अशी गोष्ट घशात उतरून तिथेच बिऱ्हाड करते. खरं सांगण्याऐवजी मी असं केलं की टोळीला वाचवायला निघाले. बाकी काही असो, वाचवण्याच्या कामात मी तरबेज आहे.

दुसऱ्याच दिवशी शटरिंगच्या प्लायची एक जुनी फळी उभी केली आणि तिच्यावर खिळे ठोकले. हैदराबादला रंगीत चिठ्ठ्या चिकटवायला शिकवलं होतं. आमच्याकडचा वारा पाहता पहिल्या दहा मिनिटांत त्या चिठ्ठ्या चंद्रपूरला पोचल्या असत्या. शिवाय आमच्या साइटवर मराठी, तेलुगू, गोंडी, हिंदी सगळं बोललं जाई आणि वाचता मोजक्यांनाच येई. म्हणून मी चिठ्ठ्यांऐवजी वस्तू टांगल्या. कापडात बांधलेलं काळ्या मातीचं ढेकूळ म्हणजे खोदाई. सळईचा वीतभर तुकडा म्हणजे जाळी. सुतळीला बांधलेली गिट्टी म्हणजे काँक्रीट. प्रत्येक खड्ड्याला नंबर. सकाळी कामाआधी सगळ्यांनी फळीपुढे जमायचं, आज कोणत्या नंबरचं काय होणार ते कबूल करायचं आणि ती वस्तू डाव्या खिळ्याला अडकवायची. संध्याकाळी झालं तर उजवीकडे. नियम एकच: होणार नसेल तर सरळ नाही म्हणायचं. नाही म्हटल्याचा राग नाही.

पहिल्या सकाळी विचारलं, आठ नंबरचं काँक्रीट होईल का? मेस्त्री म्हणाले, होते की. नऊचं? होऊन जाते. बारा, तेरा? हाव, होऊन जाते मॅडम. मला इतका आनंद झाला की मी सारांना लगेच फळीचा फोटो पाठवला. संध्याकाळी उजवीकडे एकही गिट्टी नव्हती आणि डावीकडे कसाबाच्या दुकानासारखं सगळं लटकत होतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूला इतका भार झाला की फळी तिरपी होऊन पडली. हे थोडं वाढवून सांगते आहे, पडली ती वाऱ्यानं. पण डावीकडेच पडली.

मला राग आला. मी म्हटलं, खोटं काऊन बोलून राह्यले तुम्ही? नाही म्हणायला सांगितलं होतं ना?

उत्तर त्यांच्या सुनेनं दिलं. ही बाई तिशीची, टोळीतल्या बायकांची पुढारी, डोक्यावर घमेलं असताना मान न हलवता भांडू शकणारी. ती म्हणाली, "सकाळी सकाळी कोनी नाई म्हणते का ताई? दिवसाचा पयला बोल नाईचा काढला तं दिवसभर नाईच नाई."

आणि मला एकदम आमच्या आदिलाबादच्या बाजारातले दुकानदार आठवले. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला ते 'नाही' म्हणत नाहीत. माल नसला तरी 'आणून देतो' म्हणतात. मी त्याच बाजारात वाढलेली, आणि मी जपानची रीत आणून तिला सकाळचे सात वाजवले होते. त्या मोटारवाल्यांकडे बहुधा सकाळी नाही म्हणतात.

मी सभा संध्याकाळी घेतली. पाच वाजता, चहा पिऊन झाल्यावर, ऑटो यायच्या आधी. आज काय झालं ते नाही, उद्या काय होणार ते विचारायचं. बदल काही मोठा नव्हता, फक्त घड्याळ सरकवलं होतं. पण त्या संध्याकाळी अशी नाहींची झड लागली की मला वही अपुरी पडली.

सुनेनं सुरुवात केली. "उद्या आठ नंबरचं नाई होत."

"काऊन?"

"तुमी पाह्यलं नाई म्हणून. चार दिवसापासून जाळी टाकून बसलो आमी."

"मग नऊ?"

"नऊची लेव्हल तुमी पाह्यली नाई. बारा अन् तेराची खोली पाह्यली नाई. तुमी पाह्यल्याबिगर मिक्सर चालू करू नका, असं तुमीच सांगतलं." मग ती बायकांकडे वळून म्हणाली, "फोन केलता तं म्हणे मी गुदामाच्या मालकाकडे हाये. परवा नकाशे आनाले गेल्या. तेरवा सिमेटवाल्याशी भांडाले गेल्या."

बायका हसल्या. मेस्त्रींनी हसू दाबायला मिशी चोळली. मी वही उघडून एकेक खड्डा तपासला. अठरा खोदलेले, सहा भरलेले, बारा उघडे. त्या बारांपैकी नऊ खड्डे फक्त एका गोष्टीसाठी थांबले होते, आणि ती गोष्ट म्हणजे मी. एका पायाला माझ्या चार सह्या लागत: खोली, खालचा काँक्रीटचा थर, जाळी, आणि भरण्याआधी शेवटची. माझे वडील तहसील कचेरीत होते. तपासणीला ते मुआयना म्हणत आणि मुआयन्याची इतकी इज्जत ठेवत की शेतकरी दोन-दोन महिने कचेरीच्या पायरीवर बसलेले असत. मी लहान असताना त्या माणसांवरून उड्या मारत आत जायची. आता माझी स्वतःची पायरी झाली होती आणि तिच्यावर चौदा माणसं बसलेली होती. त्यांचं ते बसणंच मी वहीत लिहून, पानाचा फोटो काढून वर पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी मी गोल खड्ड्याचंही सांगून टाकलं. फक्की माझी होती, तुम्हाला फुकट बोलणी बसली. मेस्त्री म्हणाले, ते तर जेसीबीवाल्यालाही माहीत होतं. त्या खड्ड्यात बायकांनी एव्हाना प्लास्टिक अंथरून पाणी साठवलं होतं, भरलेल्या पायांवर मारायला. साइटवरचं सगळ्यात उपयोगी बांधकाम तेच ठरलं.

घरी गेल्यावर सारांना फोन लावला. मी एरवी साधी चहाची गोष्टही दूध कुठल्या म्हशीचं इथपासून सुरू करते. त्या दिवशी चार वाक्यांत संपवलं: टोळी संथ नाही. टोळी माझ्यासाठी थांबलेली असते. माझ्या वहीत ती बसलेली दिसते ती म्हणून. चूक माझी. मग सार म्हणाले की तारीख बदलत नाही. फोन बंद.

म्हणजे चूक कोणाचीही असो, जाणार टोळीच होती. तीन दिवस गेले होते.

चौथ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जेसीबी परत पाठवला. हे ऐकून मेस्त्रींनाही वाटलं की मॅडमला ऊन लागलं. आमच्या भागात सगळे खड्डे आधी खणून मोकळं होण्याची रीत आहे. मशीन आलंच आहे तर होऊन जाऊ द्या. पण आमची काळी माती म्हणजे नुसती माती नव्हे, ती रुसणारी सासू आहे. तिला उघडं ठेवलं की ती तडकते. तडकली की कडा ढासळतात. ढासळलेलं पुन्हा हातानं उपसायचं. सहा नंबरचा खड्डा आम्ही तीन वेळा उपसला होता. चौथ्यांदा त्यातून पाताळातल्या लोकांचं बोलणं ऐकू आलं असतं. एका टोळीनं एकच खड्डा तीनदा खणायचा आणि वर संथ म्हणून घ्यायचं! म्हणून ठरवलं, उघडे बारा आधी भरायचे. ते संपत आले की मशीन बोलवायचं आणि दिवसाला दोनच खड्डे खणायचे, कारण आपण दिवसाला दोनच भरू शकतो. मेस्त्रींनी विचारलं, मशीन रिकामं उभं राहिलं तर सार काय म्हणतील? मी म्हटलं, ओरडतील.

दुसरी गोष्ट माझ्या सह्यांची. सही माझीच राहणार, ती दुसऱ्याची चालत नाही. पण माप माझंच कशाला? शटरिंगच्या पट्टीची एक काठी केली आणि खोलीच्या, थराच्या, जाळीच्या उंचीच्या खुणा करवतीनं पाडल्या. सळयांमधलं अंतर मोजायला दुसरी छोटी पट्टी. काठी मेस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी ती मान देऊन घेतली, पण खाली मुरमाचा कडक थर लागला की नाही हे ते काठीनं बघत नसत. खड्ड्यात उतरून पहार मारत आणि आवाज ऐकत. मातीत पहार धप्प वाजते, मुरमाला खण्ण. मी त्यांच्यामागे चार खड्डे जमिनीचा कठीणपणा मोजायच्या यंत्रानं तपासले आणि चारही वेळा यंत्र त्यांच्यासारखंच बोललं. पाचव्याला यंत्र डब्यात ठेवायचा मोह झाला, पण सही माझी होती, म्हणून ठेवलं नाही.

मग असं सुरू झालं. संध्याकाळी काठीनं टोळी स्वतः तपासणार, चुकलं असेल ते स्वतःच नीट करणार. सकाळी सात ते आठ मी, दुसरं काही नाही. मालकाचा फोन आला तरी नाही, सिमेंटवाला आला तरी नाही. खड्ड्याखड्ड्यात उतरायचं, बघायचं, सही करायची. आठ वाजता मिक्सर सुरू. नकाशाच्या दोन प्रती काढून एक फळीशेजारीच खिळ्यांनी ठोकली, म्हणजे माझं आदिलाबाद बंद.

पहिल्या दिवशी दोन पाये भरले. दुसऱ्या दिवशी दोन. पाचव्या दिवशी तीन झाले तेव्हा मिक्सरवाला एवढा गोंधळला की त्यानं मला विचारलं, आज कोणी मोठं माणूस येणार आहे का? सारांचा फोन रोज येई. मशीन का नाही, असं विचारत, मी सांगे आणि ते ओरडत. ओरडण्याची वेळ ठरून गेल्यामुळे मी त्या वेळात फोन मिक्सरवर ठेवून घमेली मोजायची. फळीवरच्या वस्तू उजवीकडे सरकू लागल्या. संध्याकाळी 'नाही' निघतच होतं, पण आता त्याला कारण असायचं आणि ते कारण उद्याच्या आत मोडता यायचं. सुनेनं एकदा म्हटलं, उद्या जाळी नाही होत, तार संपली. तार त्याच रात्री जैनथहून आणवली. पूर्वी हे आम्हाला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळायचं आणि वहीत 'टोळी बसलेली' असं लिहिलं जायचं.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एका बाजारच्या दिवशी निम्मी टोळी आलीच नाही, एकदा मिक्सर दिवसभर रुसला. सतरा नंबरसाठी मी काठीवर खोलीची वेगळी खूण पाडली होती, तीच चुकीची निघाली. मेस्त्रींनी पहार मारून सांगितलं की इथे धप्प वाजून राह्यलं मॅडम, तुमची काठी काहीही म्हणो. अजून हातभर खाली गेले तेव्हा खण्ण झालं. मी काठीवरची खूण खोडली आणि तोंड दुसरीकडे करून पाणी प्यायले.

क्रेन यायच्या आदल्या दिवशी सार आले. बेचाळिसावा पाया दोन दिवसांपूर्वीच भरला होता आणि बाजूला मुरूम टाकून ठोकून झाला होता. ते उतरले आणि चालत निघाले. एका ओळीनं गेले, दुसऱ्या ओळीनं परत आले. या वेळी मोजण्याचा आवाज आला नाही, नुसते ओठ हलत होते. मेस्त्री, त्यांची सून, मी, असे आम्ही फळीपाशी उभे. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास, दुसरं गोदाम तुमचं.

सार म्हणाले, ही टोळी इथे ठेवायची नाही. एवढी चांगली माणसं गोदामावर वाया घालवायची नाहीत. हैदराबादला चौदा मजल्यांची इमारत सुरू होते आहे, तिथे सगळ्यांना घेऊन जाऊ. बाहेरची टोळी बोलावलीच आहे, ती दुसरं गोदाम करेल. मला म्हणाले, तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा.

मी समजावून सांगितलं. सांगताना माझी जीभ नेहमीप्रमाणे सुटली. राहायला पत्र्याची खोली होती ती मी पक्की केली, पंखा लावला, नळाला पाणी आणलं. चौदा मजल्यांचे वीस केले. वरून म्हणे समुद्र दिसेल, असंही म्हणणार होते, पण मेस्त्रींकडे लक्ष गेलं आणि थांबले. त्यांची सून माझ्याकडे नाही, सासऱ्यांकडे बघत होती. तिच्या हातात रिकामं घमेलं होतं आणि ते ती खाली ठेवत नव्हती.

मेस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथून संध्याकाळी घरी येता येते का?"

मी म्हटलं, नाही येत.

"मंग आमी नाई जात," ते म्हणाले. "काम नसंन तं नसंन."

सारांनी मला विचारलं, क्या बोल रहे? माझ्या आयुष्यात मला सगळ्यात अवघड गेलेलं भाषांतर ते. कारण त्यात घालायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, सार, संध्याकाळी घरी येता येत नाही म्हणून ते जाणार नाहीत. इथलं दुसरं गोदाम नाही मिळालं तर काम नाही त्यांना. तरी जाणार नाहीत.

सार पायांच्या ओळीकडे बघत राहिले. मी ओरडण्याची वाट बघत होते, मेस्त्रींनी तर रुमाल सोडून हातात घेतलाही होता. सारांनी मोबाइल काढला, कोणाला तरी तेलुगूत दोन वाक्यांत सांगितलं की तुमच्या माणसांना पाठवू नका, आणि मोबाइल खिशात ठेवला. गाडीकडे जाता जाता मला म्हणाले, "दूसरे गोदाम में बी दो-दोइच खोदना."